बघून काढलेला योहान

शाळेत कुणाचं बघून चित्र काढलं की आमचे ड्रॉइंगचे सर वही तशीच परत द्यायचे, म्हणून ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममधलं मुघल चितारी अबुल हसनचं तळहाताएवढं ड्रॉइंग बघितलं की मला हसूच येतं. चक्क बघून काढलंय, आणि वर वयसुद्धा लिहून ठेवलंय, तेरावं वर्ष. साल १६००.

मूळ चित्र जर्मनीच्या आल्ब्रेख्त ड्यूररचं, १५११ चं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. क्रूसावर येशू, खाली मारिया आणि योहान (आमच्या गोव्यात सांजांवचा सण ज्याचा, तो बाप्तिस्मा देणारा योहान नव्हे, हा येशूचा शिष्य). पोराने क्रूस उडवला, मारिया उडवली, एकटा योहान उचलला. ड्यूररच्या सावल्या म्हणजे हत्याराने ओरखडलेल्या रेघा, याच्या हातात बारीक ब्रश, त्यामुळे झग्याच्या त्याच घड्या इथे मऊ पडल्यात. ही नुसती नक्कल नाही हो. पुढे १६१८ मध्ये जहांगीरने याला नादिर-उझ-जमान, म्हणजे 'युगातला अद्वितीय', हा किताब दिला.

आता युरोपातली असली छापील चित्रं मुघलांकडे पोचायची कशी, तर मुख्यतः आमच्याच गोव्याच्या वाटेने. अकबराने १५७५ मध्ये हाजी हबीबुल्लाला गोव्यात पाठवलं, इथल्या नवलाच्या वस्तू आणि कारागिरी घेऊन ये म्हणून, मग पाद्रीच बोलावून घेतले, आणि १५७९ च्या नोव्हेंबरात तिघे जेझुइट गोव्याहून निघून फेब्रुवारी १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला पोचले, बरोबर अँटवर्पला प्लांटिनच्या छापखान्यात छापलेलं अनेक भाषांतलं बायबल, त्यातही कोरीव चित्रं. दरबारचे चितारी लागले की बघून काढायला! त्या तिघांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा, परत आला आणि १५८३ मध्ये दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीत, पोर्तुगीजांविरुद्धच्या उठावात मारला गेला. कुंकळ्ळीचा उठाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, पण त्यातला हा पाद्री आधी अकबराच्या दरबारात राहून आलेला हे कुणी बोलत नाही.

नंतर तर उलटंच झालं. १६५६ ते १६६१ च्या सुमाराला अ‍ॅमस्टरडॅममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांट मुघल चित्रं समोर ठेवून ड्रॉइंग करत बसलेला, तीही आशियातून आलेल्या कागदावर, त्यातली तेवीसेक आज शिल्लक आहेत. एकात झाडाखाली बसलेले चार मौलवी आहेत, आणि १६५६ च्या त्याच्या एचिंगमध्ये (पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात) बायबलमधल्या अब्राहमच्या घरी आलेले देवदूत पण टेबल-खुर्ची सोडून तसेच खाली बसून जेवतायत.