बांगड्यापुढे उकळीचं काही चालत नाही

म्हापशाच्या मासळी बाजारात बांगडे घेताना आई आधी कल्ले उचलून बघायची. आत लालभडक दिसलं, डोळा फुगीर आणि काळाभोर असला, पोटावर बोट दाबून खळी पडली नाही, की मग भावाची गोष्ट. ही सगळी चवीची हौस आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. त्यात जीव सांभाळण्याचंही शास्त्र आहे हे उशिरा कळलं.

बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा जिवंत असतो तोवर त्याचा काही त्रास नसतो. तो मेला आणि उन्हात राहिला, की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यातले काही जिवाणू वाढतात आणि हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर स्वतःच सोडतं तेच हे रसायन. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरात म्हणतात, ‘हिला बांगडा बाधतो.’ पुढच्याच आठवड्यात ताजा बांगडा खाऊन तिला काहीही होत नाही. तिला ॲलर्जी नसतेच, त्या दिवशीचा मासा उन्हात राहिलेला असतो.

खरी अडचण पुढे आहे. हिस्टामिन एकदा तयार झालं की उष्णतेनं मोडत नाही. हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, कितीही कढ आणा, सोलं घाला, तिरफळं घाला, बांगडा कुरकुरीत तळा, जिवाणू मरतील पण त्यांनी केलेलं रसायन तसंच राहील. फ्रीझरमध्ये गोठवूनही ते जात नाही. वास आणि रंगावरून ते नेहमी कळतं असंही नाही. म्हणून इथे एकच उपाय, तो म्हणजे ते तयारच होऊ न देणं. बोटीपासून ताटापर्यंत मासा 4 अंश सेल्सिअसच्या खालीच राहायला हवा. बाजारातून निघताना बांगडे स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत टाकून वाटेत आणखी दोन कामं उरकणारे मी रोज बघते. मे महिन्यात ती डिकी खालून इंजिनानं आणि वरून उन्हानं तापलेली असते. झाकणाचा डबा आणि मूठभर बर्फ, एवढं जवळ ठेवलं तरी पुष्कळ झालं.

कोंबडीचं गणित अगदी उलट. तिच्यावर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात, आणि ते उष्णतेपुढे टिकत नाहीत. तुकड्याचा गाभा 74 अंशांपर्यंत तापला की ते संपतात. धोका असतो तो शिजवण्याच्या आधी, नळाखाली. कच्ची कोंबडी खळखळून धुतली की बारीक शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, चिरून ठेवलेल्या काकडीवर उडतात. कोथिंबीर आणि काकडी तर आपण कच्चीच खातो. कोंबडी धुवायची गरजच नसते, कागदानं टिपली तरी चालते. धुवायचीच असेल तर मोठ्या पातेल्यातल्या स्थिर पाण्यात बुडवून धुवा आणि नंतर ओटा, विळी, हात साबणानं स्वच्छ करा. रश्शात छोटे तुकडे रटरट शिजतात, त्यांची फारशी काळजी नको. काफ्रियालच्या अख्ख्या तंगडीकडे मात्र लक्ष हवं. हिरवा मसाला बाहेरून काळपट खरपूस होतो तेव्हाही हाडाजवळ ती कच्ची असू शकते. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर सांध्याजवळ खुपसून बघावा, त्याच्याइतका खात्रीचा साक्षीदार दुसरा नाही.

खिमा त्याच दिवशी शिजवावा. अख्ख्या तुकड्यावर जिवाणू बहुतेक पृष्ठभागावरच असतात, दळल्यावर ते आतपर्यंत मिसळतात.

चोरिसाबद्दल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोव्याकडच्या सॉसेजबद्दल, एक गैरसमज दिसतो: ती टिकते, म्हणजे ती शिजलेलीच आहे. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, माडाच्या सुरेचं विनेगर आम्लता वाढवतं, ऊन आणि धूर उरलेली ओल काढतात. त्यामुळे ती टिकते. पण टिकणं म्हणजे शिजणं नव्हे. माळेतली चोरिस कच्चंच डुकराचं मांस असते, ती नीट शिजवूनच खायची.

आता शागोतीची, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातल्या दाट रश्शाची, गोष्ट. एका वर्षी श्रावण लागायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे भलंमोठं पातेलं भरून कोंबडीची शागोती झाली. उरलेली झाकून ओट्यावरच राहिली. सकाळी मी डाव आत घातला, तर वर थंड आणि मधोमध अजून कोमट. वास छान. ती जेमतेम गरम करून दुपारी संपवली आणि रात्री घरातले चौघं पोट धरून बसलो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूशी हे वर्णन तंतोतंत जुळतं. त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली सुप्त रूपं, उकळीतही जगतात. उलट उकळी त्यांच्या पथ्यावर पडते: बाकीचे जिवाणू मरतात, रश्शातला प्राणवायू निघून जातो, आणि उष्णतेच्या धक्क्यानं बीजाणू जागे होतात. दाट रसा 43 ते 47 अंशांच्या आसपास रेंगाळला की हा जिवाणू दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणजे दोन तासांत एकाचे चार हजार. दाट खोबऱ्याचं वाटण असलेलं खोल पातेलं तर त्या तापमानात कित्येक तास काढतं.

तेव्हापासून उरलेली शागोती आम्ही चुलीवरून उतरल्यावर दोन तासांच्या आत पसरट डब्यांत, दोन बोटांच्या थरात काढतो, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवतो आणि किंचित कोमट असतानाच फ्रीजमध्ये सरकवतो. त्यानं फ्रीज बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढीच बाहेर काढायची आणि खळखळून उकळायची. जिवंत झालेले जिवाणू त्या उकळीनं खरोखर मरतात.

शिळी शागोती मुरते म्हणून जास्त चांगली लागते, असं आई म्हणते. लागतेच. फ्रीजमध्ये ठेवलेली ती दुसऱ्या दिवशी वड्यांबरोबर खाताना आईनंही ते मान्य केलं.