फोटो संपादनात मूळ अंक का जपावेत?

संगणकावर उघडलेल्या साध्या जेपेग फोटोत प्रत्येक पिक्सेल हा लाल, हिरवा आणि निळा या रंगांच्या तीन अंकांनी ठरतो आणि यातील प्रत्येक अंक ० ते २५५ यांमधला पूर्णांकच असावा लागतो. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपण उजेड कमीजास्त करतो, तेव्हा प्रत्यक्षात या अंकांवर गणिते चालतात आणि उत्तर अपूर्णांकात आले, तर ते जवळच्या पूर्णांकावर नेऊन ठेवले जाते. फोटो बिघडण्याचे एक मोठे कारण या पूर्णांकात दडलेले आहे.

समजा, संध्याकाळच्या आकाशातील शेजारच्या दोन पिक्सेलांत निळ्या रंगाचे अंक १०१ आणि १०२ आहेत. फोटो निम्म्याने गडद केला, तर १०१चे ५०.५ होतात आणि ते ५१ धरले जातात. १०२चेही ५१च होतात. पुढे विचार बदलून उजेड दुप्पट केला, की दोन्ही पिक्सेल १०२वर येतात आणि त्यांच्यातला फरक कायमचा पुसला जातो. २५६ छटांपैकी अशा रीतीने निम्म्याच्या आसपासच उरतात, हिस्टोग्राम (कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत, हे दाखवणारा आलेख) कंगव्यासारखा दातेरी होतो आणि जिथे रंग अलगद उतरायला हवा, तिथे आकाशात पट्टे उमटतात.

म्हणूनच ‘इमेज’ मेनूतून थेट फोटोवर बदल करण्याऐवजी अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे फोटोवर चढवलेला बदलाचा वेगळा थर, वापरावा. १९९६च्या चौथ्या आवृत्तीत आलेली ही सोय मला फोटोशॉपमधील सर्वांत मोलाची वाटते, कारण या लेयरमध्ये फक्त सूचना साठवली जाते आणि खालचे मूळ अंक तसेच राहतात. सूचना दहा वेळा बदलली, तरी गणित दर वेळी मूळ अंकांपासूनच सुरू होते. मात्र गडद करणाऱ्या लेयरवर उजळ करणारा दुसरा लेयर चढवू नये. आधीच्याच लेयरच्या चिन्हावर डबल क्लिक करून त्याचे आकडे सुधारावेत.

फोटोतला फक्त चेहरा उजळायचा असेल, तर कर्व्हजचा (वक्ररेषा ओढून उजेड बदलणारा) अ‍ॅडजस्टमेंट लेयर घेऊन सगळा फोटो हवा तितका उजळावा, मग त्या लेयरचा मास्क (बदल कुठे दिसावा, हे ठरवणारा पडदा) निवडून कंट्रोल आणि आय दाबावे. मास्क काळा होतो आणि बदल झाकला जातो. आता बी दाबून मऊ कडेचा ब्रश घ्यावा आणि पांढऱ्या रंगाने चेहऱ्यावर फिरवावा. जिथे पांढरे, तिथेच बदल दिसतो. ब्रश कानाबाहेर गेला, तर एक्स दाबताच रंगांची अदलाबदल होते आणि काळ्याने ती जागा पुन्हा झाकता येते. चौकोनी कंसांच्या कळांनी ब्रश लहानमोठा होतो, तर ३ दाबल्यास त्याची अपारदर्शकता ३० टक्क्यांवर येते. ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक केले, की मास्क एकटाच दिसतो आणि राहून गेलेले ठिपके लगेच नजरेस येतात.

कॅमेऱ्याची १४ बिटची रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल, तर प्रत्येक रंगाला ८ बिटच्या जेपेगमधील २५६ऐवजी १६,३८४ पायऱ्या मिळतात; अशी फाइल १६ बिटमध्येच उघडावी. जेपेग १६ बिटमध्ये नेल्याने गेलेल्या छटा परत येत नाहीत, पण पुढच्या गणितांतली गळती बरीच कमी होते.

जेपेग साठवतानाही पूर्णांकांचाच खेळ असतो. फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडले जातात, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिताने त्यांतले ठळक आणि बारीक तपशील वेगळे केले जातात आणि बारीक तपशिलांचे अंक जास्त ढोबळ केले जातात. हे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४मध्ये प्रसिद्ध केले. तीच जेपेग पुनःपुन्हा बदलून साठवली, तर दर वेळी अंक नव्याने ढोबळ होतात आणि अक्षरांच्या कडांभोवती डाग दिसू लागतात. त्यामुळे मूळ काम फोटोशॉपच्या स्वतःच्या पीएसडी फाइलमध्ये ठेवून जेपेगची प्रत शेवटी एकदाच काढावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून छपाईला पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून जोडावी, कारण फोटो म्हणून पाठवलेली प्रत तिथे पुन्हा ढोबळ करून लहान केली जाते.