मानेगावचा दगड आणि अपोफिसची वाट

१८४३ साली एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला आकाशातून एक दगड पडला. अशनींच्या जागतिक यादीत तो ‘मानेगाव’ याच नावाने नोंदलेला आहे. डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारातला हा दगड. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या वेस्टा नावाच्या मोठ्या लघुग्रहाच्या कवचातून असे दगड सुटतात, असं शास्त्रज्ञ मानतात. कोट्यवधी किलोमीटरवरचा खडक पूर्णा-तापीच्या संगमापाशी येऊन पडू शकतो, कारण लघुग्रहांच्या कक्षा कायमच्या आखलेल्या नसतात. त्या सरकतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात. २०२९मध्ये पृथ्वीजवळून जाणाऱ्या अपोफिस या लघुग्रहाबद्दल मोबाइलवर फिरणारे घाबरवणारे निरोप वाचताना एवढं ध्यानात ठेवलं, तरी अर्धी भीती कमी होईल.

अपोफिस सापडला १९ जून २००४ रोजी, अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून. सरासरी व्यास साधारण ३४० मीटर. त्याच डिसेंबरात गणितं मांडली गेली, तेव्हा १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २.७ टक्के निघाली. टकरीचा धोका सांगणाऱ्या टोरिनो मापावर त्याला ४ ही पातळी मिळाली; एवढी वरची पातळी आजवर दुसऱ्या कुठल्याच लघुग्रहाला मिळालेली नाही. पण मार्च २००४च्या जुन्या छायाचित्रांमध्ये तो अंधूक दिसला, कक्षेचा आणखी एक बिंदू हाती आला आणि २०२९चा धोका संपला. पुढची काही वर्षं २०३६ची टांगती तलवार होती. मार्च २०२१मध्ये रडारने नेमकी अंतरं मोजली आणि निदान १०० वर्षं तरी टक्कर नाही, हे नक्की झालं. धोका कमी झाला तो लघुग्रह बदलला म्हणून नव्हे, तर आपलं मोजमाप सुधारलं म्हणून. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तरीही त्याच्यावरचा ‘संभाव्य धोकादायक’ हा शिक्का कायम आहे. सुमारे १४० मीटरपेक्षा मोठा आणि ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते, अशा प्रत्येक लघुग्रहावर तो बसतो. हे अंतर दोन वाटांमधलं आहे, त्या वाटांवरच्या दोन प्रवाशांमधलं नव्हे. टक्कर व्हायची तर दोघांनी एकाच जागी, एकाच वेळी पोचायला हवं.

कक्षा सरकते कशी? भुसावळच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेली भिंत दिवेलागणीनंतर धग सोडत राहते, तसंच इथे घडतं. अपोफिसची उन्हात तापलेली बाजू फिरून सावलीकडे जाते आणि तिथून उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेचा अगदी हलका धक्का उलट दिशेने बसतो. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. त्याने अपोफिसची कक्षा वर्षाला जेमतेम २०० मीटर आत सरकते. पण शतकाच्या हिशेबात तेवढंही सोडून चालत नाही. वेस्टाचे तुकडे पृथ्वीच्या वाटेला लागतात, त्यातही या धक्क्याचा आणि गुरूच्या ओढीचा वाटा असतो.

२०२९मध्ये मात्र मोठा बदल पृथ्वीची ओढच घडवणार आहे. अपोफिस जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह याहून वर, ३६,००० किलोमीटरवर असतात. आज सूर्याभोवतीची फेरी ३२४ दिवसांत संपवणाऱ्या अपोफिसला त्यानंतर साधारण १४ महिने लागतील. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाताना नुसत्या डोळ्यांनी दिसणं ही हजारो वर्षांतली दुर्मीळ गोष्ट. बेन्नू या दुसऱ्या लघुग्रहाची माती पृथ्वीवर पोचवलेलं नासाचं यान आता ओसायरिस-अपेक्स या नावाने त्याच्यामागे निघालं आहे.

सर्वांत जवळ येण्याची वेळ भारतात १४ एप्रिलची पहाट, सव्वातीनच्या सुमाराची. तेव्हा तो अटलांटिकवर, आपल्या क्षितिजाखाली असेल. म्हणून खान्देशात पाहायचं ते त्याआधी, १३ एप्रिलच्या रात्री, तो हिंदी महासागरावरून आफ्रिकेकडे जात असताना, नैऋत्येच्या आकाशात. त्या रात्री अमावस्या आहे. आंबेडकर जयंतीसाठी गावोगाव लोक मध्यरात्री जागे असतातच. अभिवादन झालं की दिव्यांपासून थोडं लांब, शेताच्या बांधावर जावं. दुर्बीण असेल तर बरोबर घ्यावी, आणि ताऱ्यांमधून हळूहळू पुढे सरकणारा एक ठिपका शोधावा.