केमोच्या उलट्या-जुलाबांवर चिनी उपचार : पार्श्वभूमी

केमोथेरपीने रुग्णाला मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू झाले की सोबत एखादा काढा द्यावा का, हा प्रश्न मुंबईत घरोघरी निघतो. चीनमध्ये आधुनिक आणि पारंपरिक वैद्यकाची सांगड घालणे हा सरकारी धोरणाचाच भाग होता. 1950 च्या दशकात माओंच्या राजवटीने आधुनिक वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांना पारंपरिक चिनी वैद्यक शिकायला लावले, 1955 मध्ये बीजिंगमध्ये त्यासाठी स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली आणि एकाच रुग्णालयात दोन्ही उपचार देण्याची रीत तिथे रुजली.

पश्चिमेकडे 1978 मध्ये अमेरिकेने सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला मान्यता दिली. गुणकारी असूनही ते कमालीच्या उलट्या घडवी. 1991 मध्ये तिथे आलेल्या ऑन्डानसेट्रॉन या उलटीविरोधी औषधाने उलट्या बऱ्याच आटोक्यात आणल्या, मळमळ मात्र पुरती गेली नाही. ॲक्युपंक्चरला, म्हणजे ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराला, वाव मिळाला तो इथे. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटे सोडून, दोन कंडरांच्या मधोमध ‘नेइगुआन’ बिंदू येतो. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी 1980 च्या दशकात त्यावर चाचण्या घेतल्या, आणि 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने केमोच्या मळमळ-उलट्यांवर ॲक्युपंक्चर उपयोगी ठरते, असा निर्वाळा दिला. भारतात ही विद्या आणणारे डॉ. बिजय कुमार बसू हे 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे सहकारी होते.

जुलाबांचा इतिहास आपल्याला त्याहून जवळचा आहे. नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासह एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे काढले; त्याची रचना 1966 मध्ये प्रसिद्ध झाली. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या वनस्पतीतही सापडते. त्यापासून पुढे इरिनोटेकॅन हे केमोचे औषध तयार झाले, जे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात. यकृत त्याचा क्रियाशील अंश निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडते. तिथले जिवाणू आपल्या विकराने (एन्झाइमने) त्याला पुन्हा क्रियाशील करतात, आतड्याचे अस्तर दुखावते आणि जुलाब लागतात.

येल विद्यापीठातील युंग-ची चेंग यांनी या त्रासासाठी सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथातला काढा निवडला. त्यात हुआंगछिन आणि पिओनी या वनस्पतींची मुळे, ज्येष्ठमध आणि चिनी बोरे अशी चारच द्रव्ये आहेत, आणि पोटाच्या अशाच तक्रारींसाठी तो पूर्वापार वापरात होता. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत या काढ्याने इरिनोटेकॅनचा गाठीवरचा परिणाम कमी न होता आतड्याचे अस्तर लवकर भरून आले. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती त्यामागची शिस्त : प्रत्येक खेपेचा अर्क रासायनिकदृष्ट्या सारखा आहे की नाही, हे तपासूनच तो वापरला गेला. बाजारातल्या पुडीला ही कसोटी नसते. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकात वजन घटवण्याच्या चिनी वनौषधींच्या मिश्रणात चुकीची वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. शिवाय वनौषधी यकृतातील विकरांवर परिणाम करून केमोची रक्तातली मात्रा बदलू शकतात. म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारा रुग्ण कोणताही काढा घेत असेल, तर त्याची नोंद केमोच्या कागदांवर डॉक्टरांनी केलेली असली पाहिजे.