अनंतस्पर्शी रेषा

वक्रावरचा बिंदू अमर्याद दूर सरकत असता ज्या सरळ रेषेपासूनचे त्याचे अंतर शून्याकडे जाते, ती त्या वक्राची अनंतस्पर्शी रेषा. नागपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांत मराठीत चाललेल्या तासातही तिला ‘असिम्प्टोट’च म्हणतात. त्या शब्दाचे मूळ ग्रीक असून अर्थ ‘एकत्र न येणारी’. पेर्गाच्या अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाने इ.स.पू. २०० च्या सुमारास शांकवांच्या, म्हणजे शंकूच्या छेदातून मिळणाऱ्या वक्रांच्या, विवेचनात तो अपास्तासंबंधी (दोन शाखांचा शांकव, हायपरबोला) वापरला. मराठी नाव नेमके उलट टोकाकडून बघते : ही रेषा भेटते, पण अनंतावर. एकाच रेषेला एका भाषेने न भेटणारी म्हटले, दुसरीने भेटणारी.

‘वक्र या रेषेला कधीच स्पर्श करत नाही’ ही वर्गात पाठ होणारी व्याख्या मात्र चूक आहे. य = क्ष/(क्ष² + १) या वक्राची आडवी अनंतस्पर्शी य = ०, म्हणजे क्ष-अक्षच; आणि वक्र आरंभबिंदूत त्याला सरळ छेदून जातो. य = (साइन क्ष)/क्ष तर हीच रेषा अगणित वेळा ओलांडतो. आडवी रेषा फक्त दूरवर काय होते ते सांगते, मधल्या भागाबद्दल तिचे काही म्हणणे नसते. परिमेय फलाची (दोन बहुपदींच्या भागाकाराची) उभी रेषा कडक असते : तिथे छेद शून्य होतो, फलाला किंमतच नसते, मग ओलांडणार कोण?

मे महिन्यात नागपुरातल्या एखाद्या खोलीचे तापमान ४२ अंश आहे आणि ८२ अंशांचा चहा टेबलावर ठेवला आहे, असे धरू. न्यूटनच्या शीतन नियमानुसार वस्तू व भोवताल यांतील फरक ठरावीक काळात ठरावीक पटीने घटतो. दर १० मिनिटांनी तो निम्मा होतो असे मानले, तर फरक ४०, २०, १०, ५ आणि चहा ८२, ६२, ५२, ४७ अंश. तासाभराने तो ४२.६ च्या आसपास असेल. आलेखाची आडवी अनंतस्पर्शी ४२, शून्य नव्हे. विद्यार्थी सवयीने ती अक्षावरच काढतात. त्याच टेबलावरचे फ्रिजमधले बाटलीबंद पाणी याच रेषेकडे खालून चढते. माठातले पाणी या हिशेबात बसत नाही, कारण बाष्पीभवनामुळे ते खोलीपेक्षा थंड राहते आणि त्याची रेषा वेगळी, खालची असते.

उभ्या रेषेसाठी प्रवासाचे उदाहरण सोपे. नागपूर–वर्धा अंतर ढोबळमानाने ७५ किलोमीटर घेतले, तर वेळ = ७५/वेग. वेग शून्याकडे नेला की तास वाढतच जातात.

वक्र काढताना आधी रेषा, मग वक्र. य = (२क्ष + १)/(क्ष − ३) मध्ये छेद क्ष = ३ ला शून्य होतो : उभी तुटक रेघ. क्ष खूप मोठा झाला की १ आणि ३ नगण्य ठरून य जवळपास २ होतो : आडवी तुटक रेघ. अक्षांशी छेदनबिंदू (−१/२, ०) व (०, −१/३). क्ष = ३ च्या डावीकडे य ऋण अनंताकडे जातो, उजवीकडे धन अनंताकडे; ही चिन्हे तपासली की दोन्ही शाखा आपोआप जागेवर बसतात.

छेद शून्य झाला म्हणजे उभी रेषा असणारच, असेही नाही. (क्ष² − ४)/(क्ष − २) मध्ये सामाईक अवयव जातो आणि उरते क्ष + २ ही सरळ रेषा, क्ष = २ ला एक छिद्र असलेली. अंशाची कोटी (सर्वांत मोठा घातांक) छेदापेक्षा एकाने जास्त असेल, तर भागाकार करून तिरकी अनंतस्पर्शी मिळते : (क्ष² + १)/क्ष = क्ष + १/क्ष, म्हणून य = क्ष. क्ष² − य² = १ या अपास्ताला अशा दोन तिरक्या रेषा असतात.

अन्वस्ताला (पॅराबोलाला) एकही नसते. य = क्ष² च्या बाहू वहीत इतक्या उभ्या काढल्या जातात की बाजूला भिंत आहे असे वाटावे; पण क्ष = १००० ला य = १०,००,००० अशी सांत किंमत मिळते, आणि क्ष = १००१ लाही मिळते.