मीरा धडधडतो आणि झिजतोही, या दोन गोष्टी जुळल्या कधी?

तिमिंगल तारकासमूहात मीरा नावाचा म्हातारा लाल राक्षसी तारा आहे. आपल्या मीराबाईशी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत. १५९६ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड फाब्रिशियसला तो दिसला आणि मग गायबच झाला, त्याला वाटलं नवतारा (अचानक भडकून मग विझणारा तारा) असणार, विषय संपला, पण १६०९ ला पठ्ठ्या परत हजर! १६३८ मध्ये होलवार्डाने नेट लावून बघितलं तेव्हा कळलं की हा दर ११ महिन्यांनी उजळतो. आज ३३२ दिवस धरतात. तारे स्वतःच फुगतात-आक्रसतात म्हणून असं होतं, हे खगोलशास्त्रज्ञ शॅप्लीने १९१४ मध्ये सेफिड (ठराविक काळाने उजळ-मंद होणाऱ्या एका जातीच्या) ताऱ्यांबद्दल मांडलं, एडिंग्टनने त्याचं गणित बसवलं.

झिजण्याची, म्हणजे तारा आपला वायू गमावतो ही गोष्ट मात्र वेगळीच चालू होती. १९५६ मध्ये आर्मिन डॉइचने शौरी तारकासमूहातल्या रास अल्गेथी या राक्षसी ताऱ्याच्या जोडीदार ताऱ्याचा वर्णपट (रंगांत फोडलेला प्रकाश) बघितला, तर त्यातही त्या राक्षसी ताऱ्याच्या वायूच्या रेषा! म्हणजे वायू पार तिथवर पोचलाय, आणि एवढ्या लांब सेकंदाला १० किमी वेगसुद्धा कायमचं निसटायला पुरतो. मला हा पुरावा फार आवडतो, शेजाऱ्याच्या अंगणात आपला कचरा सापडावा तसा.

पण वायूला ढकलतं कोण? १९६० च्या दशकाच्या शेवटी इन्फ्रारेडमध्ये अशा ताऱ्यांभोवती सिलिकेटची धूळ दिसली. प्रकाश धुळीला ढकलतो, धूळ वायूला ओढत नेते, इथवर ठीक. अडचण अशी की ताऱ्याजवळ धूळ बनायला फार गरम आणि लांब गेलं तर वायूच विरळ. इथे धडधड कामाला येते. खळ्यावर उफणताना आपण धान्य वर उधळतो आणि भूस वारा नेतो ना, तसं. प्रत्येक ठोक्याला शॉकवेव्ह वायू वर उचलते, तो तिथे दाट असतानाच थंड होतो, धूळ धरते आणि पुढचं काम प्रकाश करतो. १९८८ मध्ये बोवेनने हे कॉम्प्युटर मॉडेलमध्ये दाखवलं. १९९३ मध्ये व्हासिलियाडिस आणि वुडने आवर्तनकाळ (धडधडीच्या एका फेरीचा काळ) आणि झीज शेजारी मांडली, तर काळ जितका लांब तितकी झीज झपाट्याने वाढते, साधारण ५०० दिवसांपर्यंत.

आणि २००७ मध्ये गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीच्या अल्ट्राव्हायोलेट फोटोंत मीराची शेपटी सापडली, १३ प्रकाशवर्षं लांब, तिच्या टोकाचा वायू ३०,००० वर्षांपूर्वी सुटलेला.