गप्पांतली एक पंचमांश सेकंदाची फट

“काही नाही, नुसत्या गप्पा मारत बसलो होतो.” या वाक्यातल्या ‘नुसत्या’ शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. काम करताना मेंदू राबतो आणि मित्रमैत्रिणींशी बोलताना तो पाय पसरून पडतो, अशी समजूत त्या शब्दामागे असते. प्रत्यक्षात बिनकामाच्या गप्पा हे आपल्या मेंदूच्या सर्वांत वेगवान कामांपैकी एक आहे, आणि हे घड्याळ लावून दाखवता येतं.

दोन मैत्रिणी बोलताहेत. एकीचं वाक्य संपतं, दुसरीचं सुरू होतं. मध्ये किती वेळ जातो? नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे माक्स प्लांक संस्थेचं मानसभाषाविज्ञानाचं केंद्र आहे. तिथल्या टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे दहा भाषांत मोजलं. त्यांत जपानी, कोरियन, इटालियन आणि डॅनिश होत्या, लाओ होती, मेक्सिकोतली त्सेल्ताल होती, पापुआ न्यू गिनीच्या एका बेटावरची भाषाही होती. खऱ्याखुऱ्या संभाषणांच्या चित्रफिती घेऊन ‘हो की नाही’ प्रकारच्या प्रश्नांनंतरची फट त्यांनी मोजली. सरासरी आली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. सर्वांत चटपटीत जपानी, सरासरी फक्त ७ मिलिसेकंद. सर्वांत सावकाश डॅनिश, सुमारे ४७०. समाज वेगळे, व्याकरणं वेगळी, तरी सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत.

आता हा आकडा शर्यतीच्या मैदानावर नेऊ. धावण्याच्या स्पर्धेत बंदुकीचा आवाज झाल्यावर १०० मिलिसेकंदांच्या आत जो निघेल तो चुकीच्या सुरुवातीसाठी बाद ठरतो, कारण इतक्या लवकर आवाज ऐकून कोणी हलू शकत नाही असं मानलं जातं. म्हणजे गप्पांतली फट धावपटूच्या प्रतिक्रियेच्या आसपासची झाली. पण धावपटूला काय करायचं ते आधीच ठाऊक असतं, पाय उचलायचा. बोलणाऱ्याला आधी काय म्हणायचं ते ठरवायचं असतं, मग शब्द शोधायचे असतात.

आणि शब्द शोधायला वेळ लागतो. एखादं चित्र दाखवून “हे काय?” असं विचारलं, तर तोंडातून शब्द बाहेर पडायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. इंडेफ्राय आणि लेव्हेल्ट या संशोधकांनी २००४ साली हा वेळ कुठे कुठे खर्च होतो याचा हिशोब मांडला. पहिले १७५ मिलिसेकंद वस्तू ओळखून कल्पना पक्की करण्यात जातात. २५०पर्यंत मेंदूच्या शब्दसाठ्यातून नेमका शब्द निवडला जातो. त्याचं ध्वनिरूप ३३०पर्यंत हाती येतं, ४५५पर्यंत अक्षरांची मांडणी होते, आणि उरलेल्या वेळात जीभ, ओठ, स्वरयंत्र यांना द्यायचे हुकूम तयार होतात. हे झालं एका शब्दाचं. छोटं वाक्य जुळवायला दीड सेकंदाच्या आसपास लागतात.

तयारीला किमान ६००, आणि फट २००ची. याचा एकच अर्थ निघतो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर तयार होऊ लागलेलं असतं. आपण ऐकत असतो आणि त्याच वेळी बोलण्याची तयारी करत असतो, तीही भाषेची बरीचशी तीच यंत्रणा वापरून. बोगल्स, मॅग्यारी आणि लेव्हिन्सन यांनी २०१५ साली मेंदूच्या विद्युतलहरी मोजून हे पाहिलं. उत्तरासाठी लागणारी माहिती प्रश्नाच्या मध्यावरच मिळाली, तर तयारीच्या खुणा तिथून अर्ध्या सेकंदाच्या आत दिसू लागल्या. प्रश्न अजून चालूच होता.

यासाठी मेंदूला दोन अंदाज बांधावे लागतात: समोरचा काय म्हणणार, आणि कधी थांबणार. मला सर्वांत लोभस वाटतो तो पहिला, कारण मराठीत तो फार सुंदर दिसतो. “काल मी एक भली मोठी…” एवढंच ऐका. ‘मोठी’च्या ईकाराने तुमच्या डोक्यातले सगळे पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द मागे सरले. आता येणार ते स्त्रीलिंगी नाम: इमारत, पाल, चूक, मिरवणूक. ‘भली’ आधीच आल्याने वस्तू लहान नाही हेही ठरलं. बोलणाऱ्याने नाम उच्चारण्याआधी ऐकणाऱ्याने शोधाचं क्षेत्र कितीतरी आवळलेलं असतं. व्याकरणाच्या पुस्तकात आपण लिंग आणि विभक्ती पाठ करतो तेव्हा हे का करायचं ते कोणी सांगत नाही. त्याचा एक मोठा उपयोग हा आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर असा प्रयोग झालेला आहे. समोर दोन चित्रं, त्यांच्या नावांची लिंगं वेगळी. नामाच्या आधी येणारं छोटं लिंगदर्शक उपपद कानावर पडलं, की मुलं योग्य चित्राकडे अधिक लवकर पाहत.

आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे अंदाज कठीण व्हायला हवा असं वाटेल. पण जपानीतही क्रियापद शेवटीच येतं, आणि फट सर्वांत लहान तिथेच मिळाली. “उद्या तू येतोस का?” यातला ‘का’ कानी पडेपर्यंत ऐकणाऱ्याचं “हो” ओठांवर आलेलं असतं.

वाक्य कधी संपणार हे कशावरून कळतं? पुष्कळांना वाटतं, आवाजाच्या चढउतारावरून. द राउटर, मिटरर आणि एनफिल्ड यांनी २००६ साली खऱ्या संभाषणांतली वाक्यं घेतली. काहींतले चढउतार सपाट केले, शब्द तसेच ठेवले. काहींत उलट, चढउतार ठेवून शब्द अस्पष्ट केले. लोकांनी वाक्य संपणार असं वाटताच कळ दाबायची होती. सूर काढून टाकल्याने त्यांचं काही बिघडलं नाही. शब्द काढल्यावर मात्र अंदाज कोलमडला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत “संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के” असं छातीठोकपणे सांगितलं जातं, ते ऐकून मला खरोखर राग येतो. तो आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून उचललेला आहे. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याच्या भावनेबद्दल विचारलं होतं. सगळ्या संवादाला तो लावू नका, असं स्वतः मेहराबियन यांनीच सांगितलं आहे.

दुसरी एक समजूत अधिक गोड आहे. दोन जिवलग मैत्रिणींच्या तोंडून एकाच क्षणी एकच शब्द निघतो, आणि सगळे म्हणतात, मनं जुळली, हे मनकवडेपण, ही अंतःप्रेरणा. तिथे कुठल्याही अदृश्य लहरी नसतात. दोघींचे मेंदू सतत एकमेकींचं पुढचं वाक्य रचत असतात, वर्षानुवर्षांच्या सहवासाने त्यांचे अंदाज धारदार झालेले असतात, आणि अधूनमधून दोघींची तयारी एकदमच पूर्ण होते. मला हे स्पष्टीकरण चमत्काराहून अधिक हृद्य वाटतं.

आता ज्यामुळे मी या विषयात शिरले ते सांगते. आम्हा जुन्या मित्रमैत्रिणींचा एक गट आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटतो. दर वेळी तेच: दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, “तू बोल”, “नाही, तू बोल”, आणि पुन्हा दोघं एकदम. समोरासमोर बसल्यावर याच माणसांची कधी टक्कर होत नाही.

गणित करून पाहा. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात असं धरू. माझं वाक्य संपलं. ३०० मिलिसेकंदांनी ते तुमच्याकडे संपलं. तुम्ही नेहमीच्या चपळाईने २००मध्ये उत्तर दिलंत. ते माझ्यापर्यंत यायला आणखी ३००. मला ऐकू आलेली फट झाली ८००. तुम्ही अजिबात अडखळला नाहीत, तुमच्या घड्याळात तुम्ही वेळेवर होतात. माझ्या घड्याळात मात्र तुम्ही रेंगाळलात. तुमच्या बाजूने पाहिलं तर रेंगाळणारी मी. प्रत्येकाला स्वतः तत्पर आणि दुसरा मंद वाटतो. या शांततेत अर्ध्या सेकंदाने मला राहवत नाही, मी पुन्हा बोलू लागते, तेव्हा तुमचं उत्तर वाटेतच असतं. हीच ती टक्कर.

यात नुसती गैरसोय असती तर सोडून दिलं असतं. पण या फटीला अर्थ असतो. होकार पटकन येतो, नकार थबकत येतो, हे अनेक भाषांत दिसलं आहे. ७०० मिलिसेकंदांपलीकडे येणाऱ्या उत्तरांत नकार आणि टाळाटाळ जास्त. म्हणजे तारेतली दिरंगाई मित्राच्या तोंडी अनिच्छा घालते. विलंब असलेल्या कॉलवर समोरची माणसं कमी लक्ष देणारी वाटतात, असंही प्रयोगांत आढळलं आहे. दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय निकष एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा म्हणतात, ते यामुळेच. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत बोलताना तो कधीच पाळता येत नाही. वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही २४० मिलिसेकंद लागतात.

गट मोठा झाला की आणखी एक अडचण. समोरासमोरच्या गप्पांत साधारण चारच्या वर माणसं झाली की गट आपोआप फुटतो, दोघं इकडे, तिघं तिकडे. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे नोंदवलं. व्हिडिओ कॉलवर फुटायला जागाच नसते. आम्ही आठ जण एकाच फटीकडे डोळे लावून बसलेले असतो.

लेखी गप्पांत ही फट उरतच नाही. तिथे पाच जण पाच विषयांवर एकदम लिहितात आणि कोणाची टक्कर होत नाही. मात्र उशीर कशाचा, नकाराचा की आंघोळीचा, हे कळायला मार्ग नसतो. समोरासमोर असताना तो मार्ग श्वासातून जातो. लांब उत्तर द्यायचं असेल तर माणूस आधी श्वास आत घेतो, आणि तो आवाज आपण नकळत टिपतो: आता ही बोलणार, थांबूया. कॉलवर तो श्वास बऱ्याचदा गोंगाट समजून गाळला जातो. लेखी गप्पांत मात्र त्याची जागा भरणारी एक गोष्ट आली आहे. मैत्रीण लिहायला लागली की पडद्यावर तीन ठिपके हलू लागतात, आणि मी टाइप करता करता बोट उचलून धरते.